गेंदामायची पाठ

गेंदामायचा चेहरा मला नीट आठवत नाही. पाठ मात्र अशी आठवते, की आत्ता धुळीत बोटानं काढून दाखवीन. एवढीशी, वाळल्या खारकेसारखी, मधून कण्याची ओळ उभी, आणि डाव्या खांद्याखाली आग्यामोहोळानं कधीकाळी उठवलेले पाच-सहा डाग. ते डाग अंधारात चमकायचे, असं मी पुष्कळ ठिकाणी सांगितलं आहे. चमकत नसत. पण भर उन्हात तिच्या मागं उभं राहिलं की अंधारात चमकत असावेत असं वाटायचं, आणि माझ्यासारख्याला तेवढं पुरतं.

माझं नाव केरबा. पंचक्रोशीत मला गप्पाड्या म्हणतात. ते बरोबर नाही. मी सांगतो ते सगळं घडलेलं असतं. फक्त मी सांगतो तेवढं मोठं ते घडताना नसतं.

आमचं शेत पिंपळगाव रेणुकाईच्या डोंगराकडच्या अंगाला, ओढ्याच्या काठावर. ओढ्यापलीकडं माळ, आणि माळ संपला की डोंगर, जो वळसा घेत अलीकडं माझ्या शेतामागंही उतरतो. तेव्हा निजामाचं राज्य होतं. आम्ही आमच्या मुलखाला मोगलाई म्हणायचो, आणि डोंगर उतरून खानदेशात गेलं की तिकडं इंग्रजी. माळाला मात्र दोन्हीपैकी एकाचाही पत्ता नव्हता. त्यावर भिल्लांची बारा चुलींची वस्ती होती. गेंदामाय त्या वस्तीतली सगळ्यांत म्हातारी. किती म्हातारी? ती म्हणायची, डोंगर तिच्यापेक्षा मोठा आहे, पण ओढा धाकटा.

त्या माळाला बांध नव्हता. एकसुद्धा नाही. आमच्याकडं सख्खे भाऊ हातभर बांधासाठी एकमेकांची डोकी फोडतात आणि मग एकाच बैलगाडीतून भोकरदनच्या कचेरीला जातात. माझ्या चुलत्यानं तर बांध कोरता कोरता तो इतका बारीक केला होता, की त्यावरून चालायला मुंगीला तोल सांभाळावा लागायचा. आणि ओढा ओलांडला की ही एवढी मोकळी जमीन, ज्वारी, बाजरी, तीळ, मूग सगळं एकात एक, पळसाच्या झाडापासून वारुळापर्यंत वारा एका दमात जायचा. दुपारी मृगजळ उठलं की माळ जमिनीपासून वीतभर वर तरंगायचा. हे मी वाढवून सांगत नाही. ओढ्यावर बसून त्याखालून पलीकडचा डोंगर बघितलाय मी.

गेंदामायचं काम वाटण्याचं. शिकार असो, मोहोळ असो, मोहाची फुलं असोत, वस्तीत आलेली वस्तू आधी तिच्या पुढ्यात यायची. ती हातानं वाटे घालायची, आणि मग वाट्यांकडं पाठ करून उभी राहायची. एक माणूस काठी घेऊन मागं थांबायचा. त्याला दाखव्या म्हणत. तो एका वाट्यावर काठी टेकवायचा.

"हा कोणाचा?"

"सुरमीचा."

"हा?"

"ठुम्याचा."

कोणता वाटा कोणाच्या नावानं निघाला हे तिला दिसायचंच नाही. म्हणून भांडण नाही. सगळ्यांत शेवटी एक वाटा उरायचा. तो तिचा. पण तिनं आपलं नाव आपल्या तोंडानं घ्यायचं नाही. दाखव्यानं मोठ्यानं म्हणायचं, "हा गेंदामायचा!" मग ती फिरायची. तोवर पाऊस येवो की वाघ येवो, मान वळवायची नाही. आणि ती फिरली की वाटणी पुरी.

आणखी एक होतं. वाटणीच्या वेळी जो तिथं उभा, त्याला वाटा. मी एकदा हरवलेला गोऱ्हा शोधत पलीकडं गेल्तो. मोहोळ उतरवून आणलेलं. इतकं मोठं मोहोळ, की चार माणसांनी कावडीवर आणलं होतं, आणि त्यातल्या काही माश्यांना घर गेल्याची अजून खबर नव्हती. मी बाजूला उभा. काठी टेकली.

"हा कोणाचा?"

"ओढ्यापल्याडच्या गप्पाड्याचा."

"माय, मी तर गोऱ्हा हुडकून राह्यलो," मी म्हटलं. "माझा काय संबंध?"

तिनं पाठीनंच उत्तर दिलं, "तुला भूक न्हाई का?"

"हाये की."

"मंग संबंध कसा न्हाई, केरबा पाटील?"

मला पाटील म्हणायची ती. दोन बैलांचा कुणबी मी, पाटीलकी माझ्या सात पिढ्यांनी लांबून पाहिली असेल. पण तिच्या तोंडून ते ऐकलं की माझं मुंडासं आपोआप बोटभर उंच व्हायचं.

वरच्या गावचे देशमुखही माळावर शिकारीला यायचे. घोड्यावरून, मागं माणसं, बरोबर कुत्री. एकदा रानडुक्कर वाटताना ते तिथं होते. गेंदामायनं इतरांसारखाच त्यांच्या नावाचाही वाटा काढला. ठुम्याएवढाच, माझ्याएवढाच, आणि खरं सांगायचं तर देशमुखांच्या कुत्र्याएवढाच, कारण कुत्राही उभा होता. देशमुख खूश झाले. त्यांना वाटलं, हा नजराणा. तिला वाटलं, माणूस उभा आहे. ती दोघं एकमेकांना काय समजली हे तेव्हाच कोणी सांगितलं असतं तर पुढचं टळलं असतं का? मला न्हाई वाटत.

आता हावऱ्याचं सांगतो, कारण पुढं तो लागणार आहे. त्याचं मूळचं नाव वस्तीत कोणालाच आठवत नव्हतं, त्यालाही नव्हतं. चार-पाच वर्षांचा असताना वाटणीत त्यानं एका वाट्याकडं बोट केलं आणि म्हणाला, "हा माझा." कोणी मारलं नाही, कोणी रागावलं नाही. सगळे हसले. ते हसणं असं काही लांबलं, की त्याच्या लग्नात सुरू होतं, त्याला नातू झाला तरी अधूनमधून कोणीतरी चुलीपाशी आठवून खुदकन हसायचं. डोक्याचे केस कापसासारखे झाले तरी तो हावऱ्याच. पुढं गेंदामायनं त्यालाच कायमचा दाखव्या केला. मी विचारलं, "माय, ह्यालाच काहून?"

"ज्याला एकदा हाव झाली, त्याला वाटा बरोबर दिसतो," ती म्हणाली.

वैशाखात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, जमिनीची वाटणी व्हायची. हो, जमिनीचीही. दर सालाला नवी. गाळाचा तुकडा, पळसाचा, वारुळाचा, चुनखडीचा, बरडाचा. सकाळी गोडधोड व्हायचं आणि मग अख्खी वस्ती मोहाच्या सावलीत झोपायची. भर दुपारी, लहानथोर सगळे ओळीनं. कारण गेंदामायचं म्हणणं, जमीन वाटायची तर आधी जमिनीवर स्वप्न पडलं पाहिजे. मीही एकदोनदा त्या ओळीत झोपलो आहे. वरून शेवरीचा कापूस उडत यायचा, कुठं तरी होला घुमायचा, आणि झोप अशी लागायची की माणूस खाली जायचा, मातीच्याही खाली, मुळं जिथं एकमेकांच्या हातात हात घालून बसलेली असतात तिथपर्यंत. उठल्यावर जो तो आपलं स्वप्न गेंदामायला सांगायचा. कोणाला पाणी दिसलेलं, कोणाला मेलेली आई. ती ऐकायची, मग माळाकडं पाठ करून उभी राहायची.

"गाळाचा कोणाचा?"

"ठुम्याचा."

ठुम्या म्हणजे वस्तीतला सगळ्यांत आळशी. इतका आळशी, की त्याची सावलीसुद्धा त्याच्या मागून थोडी उशिरा निघायची. आणि सगळ्यांत चांगला तुकडा त्याला! मी ओढ्याच्या अलीकडून ओरडलो, "माय, त्याचं तण काढायला तुलाच जावं लागंल!"

"जाईन की. तू बी ये."

आणि गेले सगळे. मीसुद्धा गेलो. बायको म्हणाली, "आपल्या शेतात गवत कमरेला लागलं आन् तुम्ही दुसऱ्याचं निंदून राह्यले." पण ज्वारी कापताना ठुम्याचा तुकडा कोणता आणि सुरमीचा कोणता हे पुन्हा मला ओळखता यायचं नाही, कारण कापायलाही सगळेच, आणि खायलाही.

एक तुकडा दर सालाला शिल्लक ठेवलेला असायचा.

"हा कोणाचा?"

"न आलेल्याचा."

म्हणजे ज्याचा जन्म व्हायचा आहे, जो वाट चुकून येणार आहे, जो रुसून गेला आहे आणि परतणार आहे, त्या सगळ्यांचा मिळून. तो सगळे मिळून पेरायचे. एका साली तो मोरांच्या नावानं निघाला, आणि त्या साली वस्तीतलं एकही पोरगं मोरावर खडा मारायला तयार नव्हतं. मोर इतके माजले की भर दुपारी ओढा ओलांडून माझ्या शेतात यायचे आणि माझ्याकडं, तू कोण, असं बघायचे.

गेंदामाय स्वप्नांना स्वप्न म्हणत नसे. ती जाऊन आलेली असायची. सकाळी ओढ्यावर पाणी भरताना सांगायची, "वाटूरला जाऊन आले. तिथं चार रस्ते मिळत्यात, मला कोणता धरावा समजंना, मंग परत आले." जन्मात ती डोंगर सोडून गेली नव्हती. वाटूर तिनं कोणाच्या तरी तोंडून ऐकलेलं. मी एकदा वाटूरला गेलो तेव्हा मुद्दाम बघितलं. रस्ते होते. मला तिथं तिच्या पावलांच्या खुणाही दिसल्या, असं मी परत येऊन तिला सांगितलं.

"उजव्या पायाची करंगळी दिसली का?" तिनं विचारलं.

"दिसली."

"मंग खोटं हाये. माझी करंगळी लहानपणीच इंगळानं जळाली."

अशी एकच बाई, जिनं मला माझ्याच गप्पेत धरलं.

एका साली पुरात ओढ्यानं पात्र बदललं. माझ्या शेताचा एक तुकडा, चांगला काळाभोर, ओढ्याच्या पलीकडं गेला. म्हणजे माळावर. मी दोन दिवस जेवलो नाही. पलीकडं माझा चुलता असता तर त्यानं ओढ्याला देव मानून नारळ फोडला असता आणि जमीन गिळली असती. मी कचरत पलीकडं गेलो. गेंदामायनं काही विचारलं नाही. पाठ फिरवली आणि हावऱ्याला म्हणाली, "दाखव."

"हा कोणाचा?"

"केरबा पाटलाचा."

मग मी परत निघालो तर म्हणाली, "थांब. वाटणीला उभा हाईस ना?" आणि पळसाच्या बाजूचा चतकोर माझ्या नावानं काढला, त्या सालापुरता. मी त्यात तीळ केले. असे तीळ, की एकेक दाणा हरभऱ्याएवढा. बरं, मुगाएवढा.

आणि मग जमीनबंदोबस्ताची मोजणी आली.

गावोगाव साखळी घेऊन सरकारचे मोजणीदार, अमीन, फिरत होते. जमीन मोजायची आणि तिच्यापुढं एक नाव लावायचं. ज्याचं नाव, त्याची जमीन. माझा चुलता महिनाभर आधीपासून बांधावर झोपायला लागला. मी मात्र ओढ्यापलीकडं धावलो. कारण मला हसणं ऐकू येत होतं, हावऱ्याला हसले होते तेच, आणि त्या हसण्यावरच ही वस्ती मरणार असं मला लख्ख दिसलं.

"माय, साहेब विचारील, जमीन कोणाची? तर ज्यानं त्यानं म्हणायचं, माझी. कायमची."

वस्तीत कोणीतरी फुस्सकन हसलं.

"हसू नका रे! एकदा म्हणायचं. खोटं का होईना!"

मोहाखाली मी त्यांची शाळा घेतली. एकेकाला उभं करून म्हणायला लावलं. सुरमी "माझी" म्हणाली आणि पदरात तोंड घालून पळाली. ठुम्याला म्हणता म्हणता जांभई आली. एक जण पळसामागं लपून म्हणाला, झाडाला ऐकू जाऊ नये म्हणून हळूच. शेवटी गेंदामाय म्हणाली, "केरबा पाटील, माझी म्हटलं की मंग बाकीच्यांची न्हाई का?"

"हो माय."

"आन् कायमची म्हणजे? तू तरी कायमचा हाईस का?"

मी हावऱ्याला बाजूला घेतलं. म्हटलं, "तुझी जीभ एकदा विटाळलेलीच हाये. आणखी एकदा. सगळा माळ तुझ्या नावावर होऊ दे, मंग घरात बसून खुशाल वाटा." त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "बिलकुल म्हणतो," तो म्हणाला. "वस्तीसाठी म्हणतो."

अमीन आले. वाईट माणूस नव्हता. पोट सुटलेलं, तोंडात पान, पायाला फोड आलेले. मोहाच्या सावलीत त्यांच्यासाठी सतरंजी टाकली. शेजारी देशमुख येऊन बसले. त्यांची जमीन माळाला लागून. त्यांनी साहेबांसाठी खरबुजं आणली होती. वस्ती समोर उभी, गाव मागं उभं.

"ये ज़मीन किसकी है?" अमीनांनी विचारलं.

गेंदामाय पुढं आली. सरकार दारात आलं आहे, जमिनीचं विचारतं आहे, म्हणजे काम नेकीनं झालं पाहिजे. तिनं माळाकडं, म्हणजे अमीनसाहेबांकडंही, पाठ फिरवली.

शिपाई खवळला. "ए बुढ्ढी! साहेबके सामने पीठ? बेअदब!"

"होने दो," अमीन म्हणाले. पान थांबलं होतं त्यांचं. "देखेंगे."

हावऱ्यानं काठी उचलली. "गाळाचा कोणाचा?"

"सुरमीचा."

अमीनांनी सुरमीला विचारलं, "तेरी है? हमेशा की?"

सुरमीनं मान हलवली. "ह्या सालापुरती."

"और अगले साल?"

"माय सांगंल त्याची."

असं एकेक. बरडाचा, वारुळाचा, चुनखडीचा. प्रत्येक नावाला अमीन विचारायचे, प्रत्येक जण तेच सांगायचा, ह्या सालापुरती. खोटं बोलायला मी शिकवलं होतं, पण पाठ समोर असताना कोणाच्या तोंडून ते निघेना. मग पळसाचा तुकडा हावऱ्याच्या नावानं निघाला. अमीनांनी विचारलं, "तेरी है? हमेशा की?"

हावऱ्यानं तोंड उघडलं. मला त्याची जीभ हललेली दिसली. वस्तीतलं कोणी हसलं नाही. सगळे त्याच्याकडं असे बघत होते, की म्हण बाबा, आम्ही हसणार नाही. पन्नास वर्षं ज्या शब्दापायी त्याचं नाव गेलं होतं, तो शब्द त्याच्या ओठावर येऊन उभा राहिला. त्यानं समोरच्या त्या एवढ्याशा पाठीकडं बघितलं.

"ह्या सालापुरती," हावऱ्या म्हणाला.

पुढचा तुकडा न आलेल्याचा निघाला. "वो कहाँ है?" अमीनांनी विचारलं. "आला न्हाई अजून," हावऱ्यानं सांगितलं, आणि गाव हसलं. त्याच्यापुढचा निघाला अमीनसाहेबांच्याच नावानं, कारण ते तिथं होते. साहेब लाजले. "तौबा! मैं ज़मीन का क्या करूँगा?" म्हणाले, पण त्या तुकड्याकडं त्यांनी जरा टक लावूनच बघितलं.

"हा कोणाचा?"

"देशमुखाचा," गेंदामाय म्हणाली. उभ्याला वाटा.

देशमुख उठले. खरबुजाची फोड खाली ठेवली. "क़बूल," म्हणाले. "मेरी है. हमेशा की. बुढ्ढीने ख़ुद कहा, सबने सुना."

अमीनांनी चारी बाजूंना पाहिलं. "किसी को एतराज़ है?"

मायनं घेतलेल्या नावाला हरकत घ्यायची हे वस्तीच्या डोक्यात शिरणारच नव्हतं. मी पुढं घुसलो. "साहेब! सगळा माळ ह्यांचा हाये! बापजाद्यांपासून मी बघून राह्यलो—"

देशमुख हसले. "साहेब, हा केरबा. ह्याच्या गायीनं मागच्या साली वाघाला शिंगावर घेऊन खानदेशात फेकला. इचारा गावाला."

गाव पुन्हा हसलं. ती गोष्ट मी खरंच सांगितली होती. वाघ खानदेशात नाही, ओढ्यात पडला होता. आणि वाघही तसा कोल्हाच होता. पण त्या दिवशी माझ्या तोंडून निघालेलं खरं धरायला त्या मोहाखाली एकही माणूस तयार नव्हता.

"जिसकी है वो बोले," अमीन म्हणाले. मग त्यांनी एक उसासा टाकला. एवढ्या सगळ्यांत कायमची म्हणणारा एकच माणूस होता. अख्ख्या माळापुढं त्याचं नाव लागलं. शिपायानं साखळी गोळा केली.

एक वाटा राहिला होता. हावऱ्याची काठी त्याच्यावर टेकलेली होती, पण शिपायानं त्याला बाजूला लोटलं. "बस, ख़तम."

गेंदामाय तशीच उभी. तिचं नाव कोणी घेतलेलं नव्हतं. वाटणी पुरी झाली नव्हती, मग फिरायचं कसं? खरबुजाच्या सालींवर मुंग्या आल्या, सावली मोहाच्या दुसऱ्या अंगाला गेली, तरी उभी. सुरमी म्हणाली, "माय, घरी चल." घर तिच्या मागं होतं. तेव्हा ती न वळता सरळ पुढं चालत निघाली. डोंगराच्या पायथ्यानं, ओढ्याच्या वळणानं, अख्ख्या माळाला वळसा घालून, माळाकडं एकदाही तोंड न करता ती दुसऱ्या बाजूनं आपल्या झोपडीत पोचली. हे मी डोळ्यांनी बघितलं. ह्यात मी कणभर घातलेलं नाही.

त्यानंतर देशमुखांनी बांध घातले. दगड वस्तीनंच वाहिले, दुसरं काम नव्हतं. आखाजीला माळावर झोपायची मनाई झाली, राखणदार बसले. गेंदामाय माळाकडं पाठ करूनच बसायची, दळायची, उन्हाला टेकायची. मी ओढ्यावरून हाळी द्यायचो, "माय, काय करती?"

"माळावर जाऊन आले."

"बांध लागले न्हाईत का पायाला?"

"कोणते बांध?" ती म्हणायची. "तिथं न्हाईत."

एकेक चूल विझत गेली. कोणी सालगडी झालं, कोणी भोकरदनच्या बाजूला मजुरीला गेलं. ठुम्या गेला तर त्याच्या मागून त्याची सावली दोन दिवस वस्तीत होती, अशी मी गोष्ट केली. ती ऐकून गेंदामाय हसली नाही, म्हणाली, "असंल." हावऱ्या एका हिवाळ्यात वारला. शेवटपर्यंत काठी त्याच्या उशाशी होती.

मग निजामाचं राज्य डळमळायला लागलं. आज हे येणार, उद्या ते येणार. त्या धांदलीत उरलेल्या चार चुलींनी डोंगर उतरून खानदेशात जायचं ठरवलं. एका सकाळी डोक्यावर गाठोडी, कोंबड्या टोपलीत, अशी ती माणसं माझ्या शेताच्या कडेनं निघाली. सगळ्यांत मागं गेंदामाय. ती माझ्यापाशी थांबली. डोंगराकडं तोंड, माळाकडं पाठ. हातातली काठी तिनं न बघता मागं धरली. हावऱ्याची.

"दाखव, केरबा पाटील."

"माय, मी? मी तुमचा न्हाई."

"उभा तर हाईस."

मी काठी घेतली. राखणदार लांब पळसाखाली चिलीम ओढत होता. मी ओढ्याच्या अलीकडून माळावर काठी रोखली. "गाळाचा कोणाचा?"

"ठुम्याचा. येईल तो."

"पळसाचा?"

"हावऱ्याचा."

"वारुळाचा?"

"न आलेल्याचा."

"चुनखडीचा?"

"त्या पानवाल्या साहेबाचा. आवडला होता त्याला."

"ह्यो, देशमुखानं विहीर पाडली तो?"

मला वाटलं, आता तरी काही बोलेल. "देशमुखाचा," ती म्हणाली. "तेवढाच एक."

असं करत करत सगळा माळ संपला. बांधांच्या खाली जो मोकळा माळ होता तो आम्ही दोघांनी पुन्हा पुरा वाटला. मोहाखालचा तुकडा तेवढा राहिला, जिथं सगळे झोपायचे तो. काठी त्याच्यावर येऊन थांबली. पुढची माणसं गाठोड्यांसकट थांबली होती. ही एवढीशी पाठ माझ्यासमोर वाट बघत होती, कितीतरी वर्षांपासून.

"हा गेंदामायचा!" मी ओरडलो.

असा ओरडलो, की देशमुखांचे बैल कुळवाच्या पाळीतच थांबले. पिंपळगावात रेणुकाईच्या देवळातली घंटा आपोआप वाजली, हे मी म्हणत नाही, तिथला गुरव म्हणतो. राखणदाराची चिलीम खाली पडली. आवाज डोंगराला जाऊन आपटला आणि डोंगरानं तिचं नाव परत आणून माळावर टाकलं.

गेंदामाय फिरली.

चेहरा बघितला का, तर बघितला. पण ऊन तिच्या मागून येत होतं आणि माझे डोळेही त्या वेळी कामाचे नव्हते. एवढं दिसलं की ती माळाकडं बघते आहे, या टोकापासून त्या टोकापर्यंत, मधे काही नसल्यासारखं. मग तिनं काठी माझ्या हातात तशीच राहू दिली, आणि पुन्हा पाठ करून डोंगराकडं चालायला लागली. वाटेत देशमुखांचा बांध आडवा होता, गुडघ्याएवढा. तिच्या आधीच्या सगळ्यांनी पाय उचलून तो ओलांडला. तिनं पाय उचलला नाही. सरळ गेली, जशी सपाट जमिनीवरून जावी तशी, आणि लहान लहान होत धुक्यात पाठ तेवढी राहिली.

मी माळाकडं वळलो. काठी टेकवली आणि मोठ्यानं विचारलं, "किसी को एतराज़ है?"

राखणदार पडलेली चिलीम शोधत राहिला. एक तितर तेवढा ओरडला, न आलेल्याच्या तुकड्यातून. बाकी आजपर्यंत त्या वाटणीला कोणी हरकत घेतलेली नाही.